पांढरी तीन, काळी दोन

बेळगावच्या अनगोळातल्या एका माडीवर कॉलेजच्या चार पोरांचा बँड सरावाला बसतो. गेल्या पावसाळ्यात त्यातला गिटारवाला मेटॅलिका या अमेरिकी रॉक बँडच्या मैफलीचा व्हिडिओ लावून त्याबरोबर वाजवत होता आणि काही केल्या सूर जुळेना. ट्यूनरवर सहाही तारांना हिरवा दिवा. तारा नव्या, केबल ठीक, तरी प्रत्येक स्वर शेजारच्या स्वराला घासल्यासारखा कर्कश. "गिटार बरोबर हाय, खरं जुळंना," तो वैतागून म्हणाला. खाली सोप्यात भजनी मंडळाचे पेटीवाले बसले होते. रॉकशी त्यांचा काडीचा संबंध नाही. त्यांनी खालूनच पेटीवर पांढरी तीन, म्हणजे सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी, दाबून पाहिली, मग तिच्या डावीकडची काळी दाबली, क्षणभर ऐकलं आणि जिन्यातून हाक मारली, "काळी दोनला हाय की रे ते. गवयाचं वय झालं असंल." पोरानं सगळ्या तारा अर्धा सूर सैल केल्या आणि पुढच्याच ओळीला गाणं जुळलं.

त्या पेटीवाल्या मामांचं ते वाक्य मनातून जात नाही. तपशिलात ते पूर्ण खरं नव्हतं. मेटॅलिका मैफलीत अर्धा सूर खाली वाजवायला लागली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून, आणि तेव्हा गायक जेम्स हेटफिल्ड जेमतेम बत्तीस-तेहतीसचा होता. पण वर्षातून शंभर-शंभर रात्री ओरडून गाणारा गळा वयाच्या आधीच प्रौढ होतो, त्यामुळे मामांचं निदान मुळाला धरूनच होतं. ज्यांनी हे संगीत कधी ऐकलं नाही, त्यांना ते इतक्या सहज कसं कळलं, याचा विचार करताना वयस्क बँडांच्या मैफलींकडे बघण्याची एक वेगळीच दिशा सापडते.

आपल्याकडे पट्टी गवयाची असते. साथीला बसणारा पहिला प्रश्न विचारतो तो हाच, "पट्टी कुठली?" येळ्ळूरच्या भजनात असो की खानापूरकडच्या पारायणात, बुवा सांगतील त्या पट्टीला पेटी, पखवाज, सगळं जुळवून घेतं. बुवांचं वय झालं की पट्टी एक घर (म्हणजे अर्धा सूर), दोन घरं उतरते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रॉकमध्ये मात्र पट्टी गिटारची असते. गिटारची सगळ्यात जाड तार पांढरी तीनची, तिच्या वरची पांढरी सहाची. बोट न ठेवता घुमणाऱ्या याच मोकळ्या तारांवर निम्म्याहून जास्त गाजलेल्या सुरावटी बसवलेल्या आहेत. एका हातानं तार मोकळी घुमत ठेवायची आणि बाकीच्या बोटांनी वर खेळायचं, हा त्या वादनाचा जीव. त्यामुळे गायकाला पट्टी एक घर खाली हवी असेल तर गिटारवाल्यानं नुसतं बोट सरकवून भागत नाही, मोकळ्या तारेचा तो घुमार हातून जातो. उपाय एकच, सगळ्या बँडनं आपापल्या तारा सैल करायच्या. पांढरी तीनवरून काळी दोन, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर पांढरी दोन.

आणि तारा सैल करणं हे खुंटी फिरवण्याइतकं सोपं काम नाही. त्याच जाडीच्या तारा अर्धा सूर उतरवल्या की त्यांचा ताण साधारण 11 टक्के कमी होतो, पूर्ण एक सूर उतरवल्या की जवळजवळ 21 टक्के. सैल तार पिकच्या (तार छेडायच्या तुकड्याच्या) फटक्यानं जास्त लांब हेलकावे घेते, मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटते, आणि आघाताच्या क्षणी स्वर चढून मग खाली येतो. म्हणून 9 ते 42 चा संच (आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) काढून 10 ते 46 चा लावावा लागतो, एक सूर खाली गेलात तर 11 चा. जाड तार जुन्या नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा धरणाऱ्या तुकड्याच्या, खाचेत अडकते, बेंड करून (बाजूला ओढून) सोडली की मूळ स्वरावर परतत नाही, मग ती खाच कानशीनं किंचित रुंद करायची. जुन्याच तारा ठेवल्या तर ताण कमी झाल्यामुळे मान सरळ होते आणि पहिल्या तीन-चार पट्ट्यांवर खरखर सुरू होते. मानेच्या आतला धातूचा दांडा, ट्रस रॉड, पाव फेरा सैल करायचा, मान बसू द्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायची. फ्लॉइड रोजसारखा तरंगता ब्रिज (तारांचं खालचं टोक धरणारा, स्प्रिंगांवर तोललेला भाग) असेल तर एक तार उतरवली की उरलेल्या पाच चढतात, कारण मागच्या स्प्रिंगा ब्रिजला ओढून घेतात. तिथं सहा तारा तीन-चार वेळा फिरून फिरून जुळवण्याला पर्याय नाही. मोठ्या बँडांकडे हे करायला वेगळी माणसं आणि डझनभर गिटारी असतात. आपल्याकडच्या पोराकडे एकच गिटार, आणि बेळगावच्या जून-जुलैच्या दमट हवेत तिची मान तशीही जागेवर राहत नाही.

ऑर्गनचा प्रश्न आणखी वेगळा. आजच्या कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे, उणे एक केलं की झालं. जुन्या हॅमंड ऑर्गनला ते नाही. आत फिरणाऱ्या चकत्यांवरून स्वर निघतो आणि चकत्यांचा वेग ठरलेला. वादकाला तीस वर्षं हातात बसलेलं गाणं नव्या पट्टीत नव्यानं बोटात बसवावं लागतं.

बास गिटारची जाड तार मोकळी वाजते ती सुमारे 41 हर्ट्झला. एक सूर उतरवली की 37 च्या आत येते. मैदानात चांगले स्पीकर असतील तर तो स्वर छातीत बसतो. पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात मात्र त्याचा नुसता घुमारा होतो आणि गायकाचा स्वर त्यात बुडतो. ज्याच्या सोयीसाठी एवढा खटाटोप केला त्याचाच आवाज ऐकू येत नाही, असं खरोखर होतं.

गळ्यात नेमकं काय बदलतं हेही समजून घेण्यासारखं आहे. वयानुसार पुरुषाचे स्वरतंतू पातळ होतात, मिटताना मध्ये फट राहते, त्यातून हवा निसटते. स्वरयंत्राच्या कूर्चा हाडासारख्या कडक होत जातात. बोलण्याचा आवाज उतारवयात खरं तर किंचित बारीकच होतो, तरीही वरचे स्वर मात्र हातचे जातात, कारण तंतू ताणून धरायचं बळ आणि त्यामागचा श्वास दोन्ही कमी पडतात. कंप संथ आणि रुंद होतो, लांब स्वर डोलायला लागतो. पट्टी उतरवली की वरचा प्रश्न सुटतो आणि खाली दुसरा उभा राहतो. गाण्याचा अंतरा आधीच खर्जाकडे असेल तर तो आणखी खाली जाऊन नुसता पुटपुटल्यासारखा होतो. म्हणून किती उतरवायचं हे धृपदाच्या टिपेवरून जितकं ठरतं तितकंच अंतऱ्याच्या तळावरूनही ठरतं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कधी कधी एका घराचीही जागा उरत नाही.

अशा गाण्याचं काय करायचं?

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडनं याचं दिलेलं उत्तर फार सचोटीचं वाटतं. 'चाइल्ड इन टाइम' 1970 साली आलं तेव्हा त्यांचा गायक इयन गिलन चोविसाच्या आसपासचा होता. त्या गाण्याचा सगळा डोलारा त्याच्या चढत जाणाऱ्या किंकाळ्यांवर उभा आहे. ती पट्टी उतरवता येण्यासारखी नाही, कारण शब्द नव्हे तर ती उंचीच तिथं गाणं आहे. 2002 नंतर त्यांनी ते मैफलीतून बाजूला ठेवलं. लोक ओरडून मागत राहिले तरी ठेवलं. आजकाल दुसरा मार्ग सहज हाताशी असतो, तरुणपणीचा आवाज संगणकावरून सोडायचा आणि वर ओठ हलवायचे. कित्येक बँड धृपदाच्या मागे अशी भर घालतात, आणि गर्दीत ते चटकन ओळखूही येत नाही. ओळखायची एक खूण आहे. थकलेला गायक स्वर लावताना आधी किंचित खालून येतो, आणि गाणं जसं पुढं जातं तसा श्वास उथळ होतो. तिसऱ्या धृपदाला आवाज पहिल्याइतकाच ताजा आणि नेमका असेल, पण त्याच्या मागच्या-पुढच्या ओळी दमलेल्या असतील, तर तो आवाज त्या रात्रीचा नाही. त्यापेक्षा गाणं सोडून देणं कितीतरी बरं.

आपल्या मुलखाचे कान या बाबतीत फार भाग्यवान आहेत. गंगूबाई हनगल यांच्या 1930 च्या दशकातल्या तबकड्या ऐकल्या तर आवाज बारीक, उंच, जवळपास ओळखू न येणारा. पुढे घशाच्या दुखण्यानंतर तो जाड आणि खोल झाला, आणि आपण ज्यांना गंगूबाई म्हणून ओळखतो त्या याच दुसऱ्या आवाजाच्या. कुमार गंधर्व तर बेळगावपासून हाकेच्या अंतरावरच्या सुळेभावीचे. क्षयरोगानं त्यांना ऐन पंचविशीत पाच-सहा वर्षं गाण्यापासून दूर ठेवलं. परतले ते छोट्या, तुटक, तीक्ष्ण स्वरवाक्यांचं गाणं घेऊन. त्यातलं किती आजारानं आलं आणि किती त्यांच्या विचारातून, यावर जाणकार अजून भांडतात. भांडोत. पण शरीर बदललं म्हणून गाणं बदललं, आणि बदललेलं गाणं दुय्यम ठरलं नाही, हे इथल्या श्रोत्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तोच श्रोता राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर रॉक ऐकायला जातो तेव्हा मात्र त्याला रेकॉर्डवरचंच सगळं जसंच्या तसं हवं असतं. हे कोडं आहे. कदाचित ख्यालाची रेकॉर्ड ही एका मैफलीची आठवण असते आणि रॉकमध्ये रेकॉर्ड हेच मूळ गाणं मानलं जातं, म्हणून असेल.

पॅलेस ग्राउंडवर 2003 च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स आले तेव्हा त्यांचा गायक मिक जॅगर साठीला टेकला होता. त्या बँडकडून शिकावी ती गाण्यांची मांडणी. मैफलीच्या मध्यावर जॅगर आत जातो आणि गिटारवाला कीथ रिचर्ड्स दोन गाणी म्हणतो. ही त्यांची जुनी रीत. प्रेक्षकाला ती वेगळी चव वाटते, गायकाला ती दहा मिनिटांची विश्रांती असते, पाणी, कोरडा शर्ट, गळ्याला गप्प बसणं. वयस्क बँडांची गाणी कुठल्या क्रमानं येतात ते नुसतं लिहून काढलं तरी गायकाच्या गळ्याचा नकाशा मिळतो. पहिली दोन-तीन गाणी मधल्या स्वरांची, गळा तापायला. सगळ्यात उंच गाणं चौथं-पाचवं, म्हणजे गळा तापलेला पण दमलेला नाही. त्याच्या पाठीला वाद्यांचा लांब तुकडा. मग बसून म्हणायची दोन-तीन संथ गाणी. आणि शेवटी ती गाणी, ज्यांचं धृपद मैदानच म्हणतं. माइक प्रेक्षकांकडे वळवतात तेव्हा उत्साहाबरोबर हिशेबही असतो, आणि त्यात फसवणूक काहीच नाही, भजनात झेलकरी ओळ उचलतात तेव्हा बुवांना श्वास मिळतो, तेच हे. लागोपाठच्या रात्री टाळून मध्ये एक-दोन दिवस सोडणं हाही त्याच हिशेबाचा भाग.

ड्रमवाल्याचं दुखणं मात्र असं लपवता येत नाही. तरुण बँड मैफलीत रेकॉर्डपेक्षा जलद वाजवतो, अंगातला जोर आवरत नाही म्हणून. वयानुसार तीच लय उलटीकडे सरकते. मिनिटाला 126 ठोक्यांचं चार मिनिटांचं गाणं 120 वर आणलं तर फक्त 12 सेकंदांनी लांबतं, घड्याळात ते जाणवतही नाही. पण मनगटाला, खांद्याला, डबल पेडलवरच्या पोटऱ्यांना त्या सहा ठोक्यांचा फरक मोठा असतो. इथंच बँडमध्ये पेच पडतो, कारण ड्रमवाल्याला दिलासा देणारी संथ लय गायकाचा जीव घेते. आठ ठोक्यांचा लांब स्वर 120 ला चार सेकंदांचा असतो, 108 ला जवळपास साडेचार. आधीच हवा निसटणाऱ्या गळ्याला तो अर्धा सेकंद कुठून आणायचा? मग लय तीच ठेवून वादन पातळ करतात. दुहेरी ठोके एकेरी होतात, टॉम्सवरून (ड्रमसंचातल्या ढोलांवरून) धावणारे फिल, म्हणजे ओळींमधल्या भरावाचे तुकडे, आखडतात, 5बी च्या जाड काठ्या जाऊन बारीक 5ए येतात, झांजा खाली उतरतात म्हणजे खांदा उचलावा लागत नाही.

आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचं उदाहरण याच जागेवर मन हलवतं. 2007 च्या मार्चमध्ये ते बंगळूरला वाजवून गेले. त्यांनी आजतागायत पट्टी उतरवलेली नाही, पांढरी तीन म्हणजे पांढरी तीन, आणि जिभेच्या मागच्या भागातल्या कर्करोगातून बरा होऊन आलेला गायक ब्रूस डिकिन्सनही त्याच पट्टीत गातो. पण ड्रमवाल्या निको मॅकब्रेनला 2023 च्या जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. महिन्यांच्या मेहनतीनं तो त्याच वर्षी पुन्हा ड्रमवर बसला, काही जुने फिल गाळून, काही सोपे करून. 2024 च्या डिसेंबरमध्ये, बहात्तराव्या वर्षी, साओ पाउलोच्या मैफलीनंतर त्यानं दौरे थांबवले. मधल्या त्या वर्ष-दीड वर्षाची चित्रणं मन लावून पाहावीत. फिलच्या जागी तो फक्त लय धरून ठेवतो, आणि त्या मोकळ्या सुटलेल्या जागेत इतर वेळी न ऐकू येणारा स्टीव्ह हॅरिसचा बास स्वच्छ ऐकू येतो. गाणं अपुरं वाटत नाही.

काहींना बसावं लागतं. जेनेसिसच्या शेवटच्या दौऱ्यात फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा होता. ओझी ऑस्बोर्न 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅममध्ये सिंहासनावर बसून गायला, बाजूला त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचे बाकीचे मूळ तिघेही होते, आणि 22 जुलैला तो गेला. याच बँडच्या गिटारवाल्या टोनी आयोमीनं 1971 साली, विशीतच, तारा तीन घरं उतरवून काळी एकला आणल्या होत्या. कारखान्यात बोटांची टोकं गेलेली, सैल तारा दाबायला सोप्या जात. त्या सैल तारांचा जड, काळोखा नाद पुढं एका अख्ख्या संगीतप्रकाराचा पाया झाला. शरीराच्या अडचणीनं उतरलेली पट्टी काय देऊ शकते याचा याहून ठसठशीत दाखला सापडणार नाही.

कान हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो. 85 डेसिबलला आठ तास कानाला चालतात. पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. रॉक मैफल दोन तासांची आणि आवाज बहुधा शंभरावर. नुकसान आधी 4000 हर्ट्झच्या आसपास होतं, जिथं तारेची धार आणि शब्दातली व्यंजनं असतात. म्हणून म्हातारा गिटारवाला नकळत ट्रेबल वाढवत जातो. त्याला मऊ वाटणारा नाद समोरच्यांचे कान कापतो, आणि ध्वनियंत्रणेवर बसलेल्या माणसाला तो हळूच कमी करावा लागतो. एसी/डीसी बँडच्या गायक ब्रायन जॉन्सनला 2016 मध्ये कान पूर्ण जाण्याच्या धोक्यानं दौरा अर्ध्यावर सोडावा लागला, नंतर कानाच्या नव्या यंत्रणेच्या आधारानं तो परतला. आता बहुतेकजण पायाशी ठेवलेले मॉनिटर (वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) सोडून कानात बसणारे वापरतात. त्यानं बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबलनं कमी होतो, पण लोकही ऐकू येईनासे होतात, म्हणून स्टेजच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून वेगळे माइक लावतात आणि त्यांचा आवाज थोडा कानात सोडतात. आपल्या गणपती विसर्जनात स्पीकरच्या भिंतीपुढं रात्रभर ताशा वाजवणाऱ्या पोरांच्या कानात साधी फोमची बोळीही नसते. वीस-पंचवीस रुपयांची वस्तू. हे लिहिताना जीव तुटतो, कारण यातलीच काही पोरं पुढं ड्रमवर बसणार आहेत.

बेळगावात ऐंशी-नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रात आणि ख्रिसमसच्या डान्सला वाजवणारी माणसं आता साठीच्या अलीकडं-पलीकडं आहेत. कॅम्पात, टिळकवाडीत, शहापुरात त्यातले काही पुन्हा एकत्र बसायला लागलेत, पोरं मार्गी लागली म्हणून. त्यांच्यात सगळ्यात आधी वाद होतो तो पट्टीवरून. गिटारवाले मूळ पट्टी सोडायला तयार नसतात, गायक लाजेनं बोलत नाही, आणि तिसऱ्या गाण्याला आवाज फाटतो. या बाबतीत अनगोळच्या पेटीवाल्या मामांची रीत उचलावी. गाण्यातली सगळ्यात उंच ओळ गायकानं साथीशिवाय म्हणायची, सकाळी नव्हे, संध्याकाळी, दिवसभर बोलून झालेल्या गळ्यानं. लागोपाठ तीनदा न ताणता निघाली तर ती पट्टी, नाही तर एक घर खाली. मग सगळ्यात खालची ओळ म्हणून बघायची, शब्द दहा फुटांवर स्वच्छ पोचतात का ते ऐकायचं. हे ठरलं की मगच गिटारवाल्यांनी तारांचा नवा संच विकत आणायचा.